जेवल्याशिवाय मागायचं नाही

गेली सत्तावीस वर्षं मी पुण्यात जर्मन शिकवते. मंडईच्या मागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर, आमच्याच बाहेरच्या खोलीत. दारावर पाटी आहे: ‘वर्ग सहाला सुरू होतो. सहा म्हणजे सहा.’ एकदा एका खऱ्याखुऱ्या जर्मन पाहुण्याला मी या पाटीचा अर्थ सांगितला, तर तो इतका खूश झाला की त्याने तिचा फोटो काढून आपल्या आईला पाठवला. पुणेकरांचं आणि जर्मनांचं जमतं ते यामुळेच. दोघंही वेळेवर येतात, दोघंही तोंडावर बोलतात, आणि समोरच्याला वाईट वाटलं तर तो त्याचा प्रश्न आहे, असं दोघांनाही मनापासून वाटतं.

शिकवण्याच्या जोडीला मी दुभाष्याचं काम करते. या धंद्यातला नियम एकच, पदरचं काही घालायचं नाही. समोरचा चिडला तर त्याचा राग पोचवायचा, त्याचा विनोद फसला तर तो फसलेलाच पोचवायचा. आपल्याला काय वाटतं हे कुणी विचारत नाही आणि आपण सांगायचं नाही. माझा नवरा म्हणतो, घरी तू जे बोलतेस त्याची फेड तिथे गप्प बसून होते. सत्तावीस वर्षांत मी हा नियम एकदाच मोडला, तो कोथिंबिरीपायी.

त्या वर्षी पुण्यात श्रीमंत देश आणि वाढते देश यांची एक मोठी बैठक भरली होती. आठ दिवस आधी आमच्या भागातल्या भिंती रंगल्या, खड्डे बुजले आणि दुभाजकांवर फुलांच्या कुंड्या आल्या. कुंड्यांना साखळ्या घातलेल्या होत्या. प्रशासन पुणेकरांना ओळखून आहे.

दोन दिवस मी एका मोठ्या हॉटेलात जर्मन शिष्टमंडळाच्या मागे बसून बोलत होते. ‘भागीदारी’, ‘सहकार्य’, ‘परस्परांचा विकास’ हे शब्द इतक्या वेळा तोंडातून गेले, की घरी आल्यावर भाजी कोण निवडणार यावरही मी नवऱ्याला भागीदारी सुचवली. हॉटेलात एक गोष्ट मात्र मजेशीर दिसली. श्रीमंत देशांचे लोक तहान लागली की सरळ हात वर करून पाणी मागत. आपल्याकडचे अधिकारी घसा कोरडा पडला तरी कुणीतरी विचारेल म्हणून थांबत, आणि कुणी विचारलं की आधी ‘नको, नको’ म्हणत. तेव्हा मी मनातल्या मनात हसले होते.

तिसऱ्या दिवशी गावं बघायची होती. शिष्टमंडळाच्या प्रमुख बाई साठीच्या आसपासच्या, उंच, केस बारीक कापलेले, पायांत जाड तळव्यांचे बूट आणि हातात एक करडी फाइल. सोबत त्यांची तीन माणसं आणि आपल्याकडचे एक अधिकारी. गाडी हडपसर ओलांडून सोलापूर रस्त्याला लागली तशी बाईंनी त्या दिवसाची पद्धत सांगितली. पूर्वी कुठल्या गावाला काय मदत द्यायची हे त्यांचं खातं आपल्या कार्यालयात बसून ठरवायचं आणि यंत्रं पाठवून द्यायचं. ती यंत्रं कितीतरी देशांत गंजत पडली. म्हणून आता नवा नियम केला होता. गावातल्या लोकांनाच विचारायचं, आणि त्यांनी स्वतःच्या तोंडाने जे मागितलं तेवढंच द्यायचं. कुठल्याही अधिकाऱ्याने त्यांच्या वतीने बोलायचं नाही.

नियम चांगलाच होता. मी तो मराठीत सांगितल्यावर आपले साहेब मात्र जरा अस्वस्थ झाले.

ते हळूच मला म्हणाले, “मॅडम, आपण आता ज्या गावाला चाललोय ना, तिथल्या बायकांना शीतखोली हवी आहे. उन्हावर चालणारी, एका खोलीएवढी. चार वर्षं माझ्या मागे लागल्यात. आज आपण पाच गावं बघणार, मिळणार त्यातल्या दोन गावांना.”

“मग मागतील की त्या,” मी म्हटलं.

“मागतीलच,” साहेब म्हणाले. “त्यांच्या अध्यक्षबाई माझ्या ऑफिसात आल्या की शिपाईसुद्धा उठून उभा राहतो.”

लोणी काळभोरच्या पलीकडे, कालव्याच्या कडेला ते गाव. तिथल्या बावीस बायकांनी मिळून गट केला होता आणि सगळ्याजणी कोथिंबीर लावत होत्या. पहाटे तोडायची, जुड्या बांधायच्या, टेम्पोने पुण्याला पाठवायची. अकरापर्यंत खपली तर खपली. दुपार झाली की कोथिंबीर माना टाकते आणि मग ती म्हशींपुढे जाते. थंड खोली मिळाली असती तर बाजार पडलेला असताना माल दोनचार दिवस थोपवून धरता आला असता. सगळं घोडं तिथे अडलं होतं.

समाजमंदिरात आमचं स्वागत झालं. ओवाळून, टोप्या आणि शाली देऊन, व्यवस्थित. अध्यक्षबाई पंचावन्नच्या असतील. हिरवी सुती साडी, ठसठशीत कुंकू, आणि माइकशिवाय अख्ख्या मंडईला ऐकू जाईल असा आवाज. जर्मन बाईंनी त्यांना बिस्किटांचा एक निळा पत्र्याचा डबा भेट दिला. तो त्यांनी कपाळाला लावला आणि मांडीवर ठेवला. आतल्या बाजूने चुलीचा आणि खमंग फोडणीचा वास येत होता.

जर्मन बाईंनी फाइल उघडली, पेनाचं टोपण काढलं आणि विचारलं, “तुम्हाला कशाची गरज आहे?”

मी विचारलं.

“आमाला?” अध्यक्षबाई हसल्या. “आमाला काय कमी हाय? समदं ब्येस हाय. तुमी एवढ्या लांबनं आलात, त्यातच आमाला समदं मिळालं.”

मी जसंच्या तसं जर्मनमध्ये सांगितलं. बाईंनी लिहून घेतलं.

“शेतीत काही अडचण?”

“अडचण कसली? कालव्याला पाणी हाय, पोरीबाळी हाताखाली हायेत. चाललंय की.”

“माल साठवण्याची सोय आहे का? तिची गरज वाटते का?”

आता तरी बोला, असं मला ओरडावंसं वाटलं. कोपऱ्यात साहेब रुमालाने मान पुसत होते. अध्यक्षबाईंनी पदर सावरला आणि म्हणाल्या, “व्हईल ती बी, देवाच्या किरपेनं. तुमी चला, पानं वाढल्यात.”

जर्मन बाईंनी फाइलमध्ये एक ओळ लिहिली. मास्तरकी करणाऱ्यांना उलटं लिहिलेलं वाचता येतं, तो आमच्या पेशाचा रोगच आहे. त्या ओळीचा अर्थ होता: ‘कोणतीही गरज व्यक्त केली नाही.’ खाली त्यांनी पट्टीने मारावी तशी सरळ रेघ मारली.

मग त्या अगदी नम्रपणे म्हणाल्या, “जेवणाबद्दल आभारी आहोत, पण आमचे डबे गाडीत आहेत. बाहेरचं खायचं नाही अशी आम्हाला सूचना आहे. वीस मिनिटांनी निघू.”

हेही मी सांगितलं. अध्यक्षबाईंचा चेहरा पडला. “असू द्या, असू द्या,” म्हणत त्या उठल्या आणि आत गेल्या.

मी पाणी पिण्याच्या निमित्ताने त्यांच्या मागोमाग गेले. आत दहाबारा बायका उभ्या होत्या. एका परातीत कोथिंबीर वड्या, एका पातेल्यात पिठलं, भाकऱ्यांची चळत. आणि प्रत्येकीच्या तोंडी एकच प्रश्न, “मागितलं का?”

“कसं मागू?” अध्यक्षबाई म्हणाल्या. “पावनं उपाशी हायेत.”

मला कळेना. मी म्हटलं, “अहो, त्यांनी तीनदा विचारलं तुम्हाला. तुम्ही तिन्ही वेळा काही नको म्हणालात. त्यांनी तसं लिहूनसुद्धा घेतलं.”

“लिवलं?” त्या दचकल्या. “आवो, पण मॅडम, माणूस दारात पाय ठिवतंय न ठिवतंय तवर त्याच्या म्होरं हात पसरायचा का? आमी काय भिकारी हाय? आधी चार घास खाऊ घालायचं, पाणी द्यायचं, मग आपलं गाऱ्हाणं. सायबाकडं जाताना बी मी डबा घिऊन जाती.”

हे बोलता बोलता त्यांनी कमरेची पिशवी उघडली आणि चार घड्या घातलेला वहीचा कागद काढला. दोन्ही बाजूंनी भरलेला. सगळं मुद्देसूद लिहून ठेवलं होतं त्यांनी, खोली केवढी हवी इथपासून कुठे उभी करायची इथपर्यंत. फक्त ते वाचायची वेळ त्यांच्या हिशेबाने जेवणानंतरची होती.

“माझ्या शब्दावर या बावीसजणींनी ऊस मोडून कोथिंबीर लावलीया,” त्या म्हणाल्या. आता आवाज मंडईतला राहिला नव्हता. “आन आता पावनं न जेवताच निगालं.”

बाहेर एक बाई बसल्या होत्या ज्या मागितल्याशिवाय देणार नव्हत्या. आत एक बाई उभ्या होत्या ज्या जेवू घातल्याशिवाय मागणार नव्हत्या. दोघींचंही बरोबर होतं. दोन दिवस हॉटेलात इतक्या देशांनी इतके कागद भरले, पण ही गोष्ट एकाही कागदात नव्हती. आणि ती ठाऊक असलेली, दोन्ही भाषा येणारी एकच बाई त्या गावात होती. तिला बोलायची परवानगी नव्हती.

मी बाहेर आले. जर्मन बाई घड्याळ बघत होत्या. माझा घसा कोरडा पडला होता आणि कुणी पाणी विचारायची वाट बघण्यात आता अर्थ नव्हता.

मी जर्मनमध्ये म्हटलं, “आता मी बोलणार आहे ते माझं आहे, दुभाष्याचं नाही. या गावात पाहुणा जेवल्याशिवाय त्याच्याकडे काही मागत नाहीत. तुम्ही जेवला नाहीत तर यांचं उत्तर कायम ‘काही नको’ हेच राहील. यांच्याकडे मागण्यांचा कागद तयार आहे.”

त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं.

“हे तुम्ही आत्ता सांगताय?”

“मलाही आत्ताच कळलं.”

त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, मग आतल्या दाराकडे. मग फाइल मिटली, पेनाला टोपण लावलं, आणि वाकून ते जाड बूट काढायला लागल्या. मी त्यांच्या पायांकडे बघतच राहिले. एका मोज्याला अंगठ्याजवळ भोक होतं. त्या क्षणी मला त्या फार आवडल्या.

चौघेही पंगतीला बसले. उंच माणसांना मांडी घालून बसवणं हे सोपं काम नाही. बाईंचे गुडघे शेजारच्या पानापर्यंत जात होते. भाकरी, पिठलं, वडी, सगळं त्यांनी मन लावून खाल्लं. मग पानातल्या हिरव्या गोळ्याकडे बोट दाखवून त्यांनी विचारलं, हे काय? मी म्हटलं, मिरचीचा ठेचा, जपून. त्यांनी जपून म्हणजे चमचाभर तोंडात टाकला. पुढची दोन मिनिटं दोन्ही देशांमधला संवाद पूर्ण थांबला. डोळ्यांतून घळाघळा पाणी, चेहरा बिटासारखा. अध्यक्षबाई गुळाचा खडा घेऊन धावल्या आणि चक्क आपल्या हाताने त्यांच्या तोंडात घातला. जरा दम आल्यावर बाई स्वतःच हसत सुटल्या, आणि मग सगळं समाजमंदिर हसायला लागलं.

साहेब माझ्या कानाशी येऊन म्हणाले, “मॅडम, आपल्याला दुभाषी म्हणून आणलंय, मुत्सद्दी म्हणून नाही.”

“साहेब, आपण भाकरी घ्या,” मी म्हटलं. त्यांनी दोन घेतल्या.

हात धुऊन झाल्यावर अध्यक्षबाई पदर खोचून समोर बसल्या. “हं, आता इचारा,” म्हणाल्या. आणि मग जो पट्टा सुटला तो पाऊण तास. मला श्वास घ्यायला फुरसत मिळेना. नुसती खोली मागून त्या थांबल्या नाहीत. ती दुरुस्त कशी करायची हे गावातल्या मुलींना शिकवलं पाहिजे, ही त्यांची अट होती. “बिगडली तर तुमच्या देशातनं माणूस येस्तवर कोथिंबीर थांबायची न्हाई,” त्या म्हणाल्या. गंजलेल्या यंत्रांची गोष्ट त्यांना कुणी सांगितलेली नव्हती. बाईंनी ते वाक्य दोनदा अधोरेखित केलं.

मला वाटलं, जिंकलो. पण गाडीत बसल्यावर बाई म्हणाल्या, “तुम्ही मध्ये बोललात हे मला अहवालात लिहावं लागेल. दुभाष्याने वदवून घेतलं, असं आमचं कार्यालय म्हणू शकतं. तसं झालं तर हे गाव यादीतून जाईल.” त्यांच्या आवाजात राग नव्हता. खरं ते सांगत होत्या. मी मान डोलावली.

त्यानंतर कित्येक महिने काहीच कळलं नाही. त्या खात्याकडून मला पुन्हा कामाला बोलावणं आलं नाही, त्याचं मला फारसं दुःख नव्हतं. पण बावीस बायकांची खोली माझ्या एका वाक्यामुळे गेली असेल, हा विचार काही केल्या जाईना. साहेबांना फोन करावा म्हणून दोनदा हातात घेतला आणि ठेवला. मंडईत कोथिंबिरीची जुडी घेतानासुद्धा मला अपराध्यासारखं वाटायचं. नवरा म्हणाला, मग पुदिना आण. असा हा माणूस.

थंडी सरत आली होती. एका दुपारी दीड वाजता बेल वाजली. पुण्यात दुपारी दीड वाजता कुणाची बेल वाजवायची म्हणजे छातीच पाहिजे. कपाळाला आठ्या घालून मी दार उघडलं, तर समोर अध्यक्षबाई. खांद्याला कापडी पिशवी, हातात कोथिंबिरीची हिरवीगार जुडी.

माझ्या तोंडून आधी तेच निघालं जे पुणेकराच्या तोंडून निघतं. “काय झालं? काय काम काढलंत?”

“कायबी न्हाई,” त्या म्हणाल्या. “मंडईत आले व्हते. पत्त्या सायबांनी दिला. म्हनलं, सहज जावं.”

मी पुढचा प्रश्न विचारणार होते, पण तो तिथल्या तिथे गिळला. ‘सहज’ म्हणजे काय ते आता मला माहीत होतं.

“बसा,” मी म्हटलं. “पान मांडते.”

“नगं, नगं.”

“नको कशाला? जेवायचं.”

घरात वरण-भात, गवारीची भाजी आणि ताक होतं. त्यांनीच आणलेली कोथिंबीर चिरून मी वरणावर घातली. माझ्या आयुष्यात एवढं लांबलेलं जेवण मी पाहिलेलं नाही. त्या शांतपणे जेवत होत्या, गवारीत गूळ घालतात याचं आश्चर्य करत होत्या, माझ्या वर्गाची चौकशी करत होत्या. मी समोर बसून ताक वाढत होते आणि आतून नुसती तडफडत होते. खोली मिळाली का? गेली का? त्यांनी आणखी ताक घेतलं. त्या दिवशी समाजमंदिराच्या कोपऱ्यात साहेबांचं काय झालं असेल, ते मला पुरतं कळलं.

शेवटी त्यांनी हात धुतले, पदराला पुसले आणि खुर्चीत टेकल्या.

“मॅडम, ही कोथमीर कवाची असंल?”

“आज पहाटेची,” मी म्हटलं. उरलेली जुडी ओट्यावर पडली होती, पानं ताठ.

“आज सातवा दिस हाय तोडून.”

मला क्षणभर समजलंच नाही. मग मी उठले, ओट्याकडे गेले आणि एक काडी मोडून पाहिली. कटकन मोडली. मला रडूच आलं, अगदी लहान मुलासारखं, आणि मी ते लपवलं नाही. अध्यक्षबाई माझ्या पाठीवरून हात फिरवत होत्या आणि हसत होत्या.

“सायेब म्हनलं, त्या बाईनं कागदात खरं खरं लिवलंय,” त्या सांगू लागल्या. “गावानं गरज सांगितली, पन जेवल्यावर. तुमी मधी बोललात ते बी लिवलंय. आन खाली लिवलंय, हितनं म्होरं जो कुनी आपल्याकडनं जाईल त्यानं आधी जेवावं, मग इचारावं. समद्यांना तसा कागुद गेलाय म्हनं.”

जर्मन माणूस खोटं लिहीत नाही, हे मी सत्तावीस वर्षं मुलांना कौतुकाने सांगत आले होते. खरं लिहिण्याचा असाही उपयोग होतो हे मला त्या दिवशी समजलं.

“दोन पोरी दुरुस्ती शिकल्या,” अध्यक्षबाई पुढे म्हणाल्या. “परवाच्याला पंखा अडकला व्हता, त्यांनीच सोडवला. आता माझं काम ऐका.”

त्यांनी पिशवीतून निळा पत्र्याचा डबा काढला. बिस्किटांचा, तोच. आता तो जड होता. झाकण उघडल्याबरोबर घरभर वास सुटला. आत काठोकाठ धने भरले होते, बारीक, सोनेरी, नीट पाखडलेले.

“एक वाफा मुद्दाम न तोडता ठिवला व्हता,” त्या म्हणाल्या. “त्यांचा डबा माज्याकडं ऱ्हायला. भांडं काय रिकामं परत करायचं असतं व्हय? त्यांनी द्यायचं आन आमी नुसतं घेयाचं, तर ती भीक झाली. तुमी पत्त्या घाला. आन चार ओळी लिवून द्या त्यांच्या भाषेत.”

‘भागीदारी’ हा शब्द मी त्या हॉटेलात शेकडो वेळा उच्चारला असेन. मी त्या डब्याचं झाकण नीट दाबून लावलं.

मग मी कागद घेतला, पेन घेतलं. “सांगा, काय लिहू?”

त्यांनी थोडा विचार केला. “लिवा, खोली चांगली चाललीया. ह्ये धनं आमच्या रानातलं हाय. तुमच्याकडं कशाची गरज आसंल तर सांगा. पन फोनवर न्हाई सांगायचं. जेवाय या, मग सांगा. ठेचा येगळा काढून ठिवू.”

मी तेवढंच लिहिलं, ओळीला ओळ. या वेळी पदरचं एक अक्षरही घालावं लागलं नाही.